शेऱ्याचा रकाना

"समजलं नाही," निरंककाका म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

समोरच्या विद्यार्थिनीचा चेहरा पडला. गणितात एमएस्सी व्हायला लागणारं सगळं तिच्याकडे होतं: सोळा विषय, तोंडी परीक्षा, ऐंशी पानांचा प्रबंध. उरली होती विभागाची एक जुनी, हट्टी अट. गणिताशी संबंध नसलेल्या एका माणसाला प्रबंध समजावायचा आणि त्याची सही आणायची. चिठ्ठीत नाव निघालं ते वनस्पतिशास्त्राच्या कारकुनांचं. शेऱ्याच्या रकान्यात बावीस वर्षं 'निरंक'खेरीज अक्षर न लिहिलेल्या माणसाचं. आज सही नाही, तर पदवी सहा महिने लांबणार.

"काका, नुसती सही केलीत तरी..."

"न समजता? अहो, झाडांची यादीसुद्धा मी बागेत चक्कर मारल्याशिवाय पुढे पाठवत नाही."

तिने प्रबंध बाजूला सारला. टेबलावरच्या फाइलीची फीत ओढून घेतली, तिला एक साधी गाठ मारली आणि दोन्ही टोकं स्टेपलरने जोडून टाकली.

"पिन न काढता सोडवा."

काका इरेला पेटले. ओढून पाहिलं, उलटं करून पाहिलं, दातही लावले. चहा गार झाला.

"सुटत नाही बुवा."

"तुम्हाला सुटत नाही, की कुणालाच सुटणार नाही?"

काकांचे हात थांबले. "ते कसं कळणार? सगळ्या जगाला रांगेत उभं करणार का?"

"रांग नको. तीन रंगांची पेनं द्या."

तिने गाठीचं चित्र काढलं, फीत जिथे दुसऱ्या फितीखालून जाते तिथे रेघ तोडली आणि प्रत्येक तुकड्याला एकेक रंग दिला. "फीत फितीवरून जाते तिथे एकतर तिन्ही रंग भेटायचे, नाहीतर एकच. दोन चालत नाहीत. मग कितीही ओढा, पिळा, रंग तीनच राहतात. बिनगाठीच्या फितीला मात्र एकाच रंगावर भागवावं लागतं."

काका चित्राकडे बघत राहिले, मग फितीकडे.

"म्हणजे मी जन्मभर ओढत बसलो असतो, तरी?"

"तरी नाही."

"आणि हे तुम्हाला हात न लावता कळलं?" त्यांना लहान मुलासारखं हसू फुटलं. "मग उरलेल्या पानांत काय आहे?"

"याहून अवघड गाठी."

"उद्या या. त्याही बघू."

त्यांनी तिच्या फॉर्मवर सही केली, फाइलीला नवी फीत बांधली आणि गाठीची फीत आपल्या खणात ठेवली. तिने जिन्यात थांबून फॉर्म उघडला. शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "गाठ सुटत नाही. का, ते कळले."