पाण्याखालचा केना

"अगं, लातुरात माणसांना पाणी पुरंना, अन् तू टँकरच्या पाण्यात तण बुडवून राहिलीस? लोक शेण घालतील की तोंडात!" बसम्मा सुनेवर ओरडली.

सुकन्याचा हात कोपरापर्यंत माशांच्या काचपेटीत होता. कुणीतरी 'बरकत येते' म्हणालं, म्हणून सासऱ्यांनी, सिद्रामप्पांनी, ही पेटी आणली होती. उन्हाळ्यात मासे मेले. बरकतीचं काय झालं ते सिद्रामप्पांनाच ठाऊक. रिकाम्या पेटीत सुकन्यानं वाळू भरली आणि परसातल्या तणाची रोपं खोचली. आघाडा, टाकळा, केना. जमिनीवरचं झाड पुरतं पाण्याखाली जगतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

नांदेडच्या कॉलेजात तिचं वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.चं एक वर्ष झालं होतं. दुसरं लग्नानंतर करू देऊ, असं सुपारीच्या दिवशी सिद्रामप्पा चारचौघांत म्हणाले होते. लग्न झालं, वर्ष सरलं. 'आता कशाला?' एवढ्यावर विषय मिटला. नवरा मल्लिनाथ बापापुढं मान वर करायचा नाही. सुकन्याचा जीव त्या घरात गुदमरायचा. माहेरचा फोन आला की सासू शेजारी बसलेली. मग "बरी हाय" याशिवाय दुसरं बोलणार काय, कप्पाळ!

आघाडा सडला. टाकळ्याची पानं गळून वर तरंगली. केना मात्र हिरवागार. बसम्माचा राग कधीच ओसरला होता. सकाळी लिंगपूजा आटोपली की ती पेटीपुढं येऊन बसायची.

"जगला बघ तुझा केना."

"न्हाई आत्या. आणताना होती तीच पानं हायत ही. अंगात साठलेलं खाऊन हिरवा दिसून राहिलाय. नवं पान फुटलं, तरच जगला म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून बसम्मा चष्मा लावून केन्याचा शेंडा बघू लागली.

नागपंचमीच्या तोंडावर सुकन्याचा धाकटा भाऊ विनोद मुराळी म्हणून आला, बहिणीला माहेरी न्यायला. कॉलेजच्या प्रवेशाची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. यानं नेलं तर तिकडून नाव घालता येईल, नाहीतर शिक्षणाला रामराम.

सिद्रामप्पांनी विनोदला काचपेटीशेजारच्या सोफ्यावर बसवलं आणि सुनेला बाहेर बोलावलं.

"बघा पावणे, कशी टवटवीत हाय! चांगली रुळली. औंदा पंचमीचा झोका इथंच बांधू. अन् ते कॉलेजचं खूळ आता सोडा."

विनोदनं बहिणीकडं पाहिलं. नवी साडी, हातभर बांगड्या, हसरा चेहरा.

"खरंच बरी हायेस ना, ताई?"

समोर सासरा, मागं चहा घेऊन आलेली सासू. सुकन्याच्या तोंडून सवयीनं तेच निघालं. "बरी हाय." म्हणून झालं आणि तिला स्वतःचाच संताप आला. जीभ झडली का आपली? पण विनोदचा जीव भांड्यात पडला. भोळा बिचारा! "मग येतो मी," म्हणत तो उठलासुद्धा.

बसम्मानं चहाचा ट्रे खाली ठेवला. बांगड्यांसकट हात पेटीत घातला आणि केना उपटला. वरची पानं अजून हिरवी होती. खालचा देठ काळा पडला होता, बोटांत धरताच पिचला. फरशीवर पाणी सांडत ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"सुकन्या, पिशवी भर. भावासंगं जा. अन् कॉलेजात नाव घातल्याबिगर परत यायचं न्हाई."

"आगं, येड लागलं का तुला?" सिद्रामप्पा ताडकन उठले. "पोर चांगली रुळलीय की इथं!"

"रुळलेली तर मीबी हाय," बसम्मा तो ओला केना त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली. "इतक्या वर्षांत एक तरी नवं पान दिसलं का तुम्हास्नी?"