उद्याच्या लेखावरची टिप्पणी

ब्लॉगच्या त्या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यापासून टिप्पण्या लेखाच्या एक दिवस आधीच येत. उल्हासराव सबनीसांनी सकाळी पाहिलं, तर उद्याच्या लेखावर चार होत्या. तीन नेहमीचे 'छान!' होते; ती मंडळी तशीही न वाचताच लिहीत. चौथी होती वीणाची. आईच्या शिलाई मशीनवरून अकरा वर्षं अबोला धरलेली ही बहीण लिहीत होती: 'दादा, वाचलं. रविवारी येते.'

"अहो, असं लिहिलंत तरी काय?" बायकोनं विचारलं.

"तेच बघायचंय. अजून लिहिलेलं नाही."

'मशीन गंजलेलंच होतं' असं मसुद्यात टाकताच वीणाची टिप्पणी गायब झाली. 'छान!' मात्र हलले नाहीत. वाक्य खोडलं, तशी ती परतली. संध्याकाळपर्यंत खोडून खोडून एवढंच उरलं: 'वीणा, मशीन तुला न विचारता विकलं. चुकलो.'

टिप्पणी एका ओळीनं वाढली: 'वहिनीला सांग, जेवायलाच येते.'