आधी पाहुणा

उमापूरच्या रामकिसनची लेक संस्कृती पोलंडात शिकायला गेली होती. येताना लग्न करायचं म्हणून यान नावाच्या तिथल्या पोराला घेऊनच आली. रामकिसनची अट एकच होती: आपल्या घरचं जेवेल, तोच जावई.

त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, येसरची आमटी आणि बाजरीची भाकरी वाढली. यान हात बांधून बसून राहिला.

"घ्या की पावणं, लाजताय कावून?" रामकिसन म्हणाला.

"अण्णा, त्याच्या प्रवासाच्या पुस्तकात लिहिलंय," संस्कृती कुजबुजली. "परक्या देशात घरच्यांनी आधी खाऊन दाखवल्याशिवाय घास घ्यायचा न्हाई."

"अवो, मग खावा की एक घास," छबुबाई म्हणाली. "पोरीचं कल्याण होईल."

"पावण्याच्या आधी मी जेवू? गाव शेण घालंल माझ्या तोंडात!"

यान रामकिसनकडं बघत राहिला, रामकिसन यानकडं. आमटीवरचा तवंग गोठला. "मोडलं लगीन," म्हणत रामकिसन उठणार, तेवढ्यात दारातली शेळी आत घुसली आणि यानच्या ताटातली अर्धी भाकरी ओढून तिथंच खात उभी राहिली.

याननं मनगटावरचं घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं तो शेळीकडं टक लावून बसला. शेळी मजेत रवंथ करत होती. मग त्यानं उरलेली अर्धी आणि वर चार भाकरी हाणल्या.

"जावई ठरला!" रामकिसनचे डोळे भरून आले.

***

लग्नात पहिलं ताट शेळीला वाढलं, आणि पोलंडहून आलेले बावीस वऱ्हाडी घड्याळात पंधरा मिनिटं लावून तिच्याभोवती उभे राहिले.