सडकेवरची चिंच

निजामाच्या राज्यात सडकेवरच्या झाडाची फांदी तोडली तरी दंड व्हायचा. त्या साली तुफानानं कळमनुरीच्या सडकेवर सरकारी चिंच आडवी पाडली, घरांची छपरं उडवली आणि घराघरातली ज्वारी भिजवून नासवली. मनकर्णाबाईनं गावातल्या समद्या बायका कामाला लावल्या आणि सडक अशी साफ केली की चिंचेचं पानसुद्धा उरलं नाही. लाकडं अर्थात ज्याच्या त्याच्या चुलीमागं गेली.

मग घोड्यावरून महसुलाची तपासणी करणारा गिरदावर आला.

"सरकारी चिंच कुठं गेली?"

सून खरं सांगायला गेली, तोच मनकर्णाबाईनं तिला कोपर मारलं. "वाऱ्यानं नेली, साहेब."

"आणि सडकेवरचा राडा कुणी काढला?"

"त्यानंच. लई कामाचं वारं होतं."

गिरदावरानं मागच्या बैलगाडीला हात केला. "फिरव गाडी. सडक साफ करणाऱ्यांना वाटायला सरकारनं ज्वारी धाडली होती. इथं तर कुणीच हात लावला नाही."

मनकर्णाबाई पदर खोचून गाडीपुढं उभी राहिली.



"थांबा साहेब. ते वारं मीच हाय. अंगठा कुठं उठवू?"