अप्पासाहेबांकडची अक्षत

वाजंत्री बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या गल्लीत शिरली आणि सकवारबाईंनी दाराकडं पाहिलं. अप्पासाहेबांकडे लग्न होतं. त्यांच्या घरच्या बायका तबक घेऊन दारोदार अक्षत देत निघाल्या होत्या. इथल्या मराठी समाजाची कुठं कचेरी नव्हती, की यादी नव्हती. वाजंत्री थांबेल ते घर आपलं. पुढं जाईल ते वाळीत, आणि त्या घरची मुलगी मग कुणी करत नसे.

नेमके आजच येलहंक्याहून व्यंकोजी आणि त्यांची बायको सकवारबाईंच्या मुलीला, भाग्यलक्ष्मीला, बघायला आले होते. मुलगा शाळामास्तर, माणसं साधी. मुलगी पसंत पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. फक्त या घरची सून परजातीची, कन्नड नर्स आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नागरत्नाला सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर यायची बंदी होती. ती बिचारी आतूनच मुकाट्यानं कॉफी गाळून देत होती.

वाजंत्री जवळ आली तशी व्यंकोजींनी कॉफी खाली ठेवली. त्यांची नजर दाराला खिळली. बायकोनं उगाचच पदर सावरला. शेजारी हळदीकुंकू झालं, हसणं ऐकू आलं. आई, एकदाच थांबव त्यांना, सकवारबाईंनी कुळस्वामिनीला विनवलं.

तबक दारासमोर आलं. पुढच्या बाईनं आत पाहिलं, मान वळवली आणि ती चालू लागली.

‘कालच देऊन गेले,’ असं सकवारबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आत सुनेनं दाबून धरलेला हुंदका त्यांना ऐकू आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आमच्याकडं अक्षत येत नाही, अण्णा. तीन वर्षं झाली. सून परजातीची केली म्हणून. नागू, बाहेर ये गं!"

नागरत्ना उंबऱ्यात येऊन उभी राहिली. व्यंकोजी ताडकन उठले. सगळं संपलं म्हणून सकवारबाईंनी डोळे मिटले.

"तुम्ही बसा, अक्का," व्यंकोजींनी हात जोडले. "आमच्या थोरलीनंही असंच लग्न केलंय. तुमच्या दारी आज अक्षत आली असती, तर कुठल्या तोंडानं तुमची पोर मागितली असती आम्ही?"