नन्नासाहेबांची सुनावणी

"बसा," साहेब म्हणाले. "आणि रडायचं असेल तर आधी रडून घ्या. मधेच रडलं की मुद्दा निसटतो."

बाई रडली नाही. तिने पर्स मांडीवर घेतली आणि खुर्ची जरा पुढे ओढायला गेली. खुर्ची हलेना. खुर्चीचे पाय फरशीत पक्के ठोकलेले होते.

"सरकारी खुर्ची आहे," साहेब म्हणाले. "एरवी माणूस खुर्चीला चिकटतो, इथे खुर्चीच जमिनीला चिकटलीय."

बाई कसनुसं हसली.

साहेबांना सगळे नन्नासाहेब म्हणत. मनाच्या आजाराचा खर्च सरकारी विम्याने नाकारला, की लोक दाद मागायला साहेबांकडे येत आणि आले तसे परत जात. दगडाला पाझर फुटेल, पण साहेबांच्या तोंडून हो निघायचं नाही. म्हणे एकदा साहेबांना सर्दी झाली, तर त्यांनी तिच्याकडे इतके पुरावे मागितले, की बिचारी कंटाळून शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जाऊन लागली.

कोपऱ्यात एक चष्मेवाली पॅड घेऊन बसली होती. सकाळीच आली होती. "तुमचं काम बघायला आलेय, साहेब," एवढंच म्हणाली होती. साहेब खूश झाले होते. हल्ली बघून शिकतं कोण?

"हं, कोणाची केस?"

"माझ्या वडिलांची. ते हॉस्पिटलात आहेत. विमावाले म्हणतात, बरे झालेत, घरी न्या."

"मग न्या की. वडील आहेत, परत आलेलं पार्सल नाही."

"मागे एकदा नेलं होतं," बाई म्हणाली. "चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. सकाळी तयार होऊन कामाला निघाले आणि जिना समजून गॅलरीच्या कठड्यावरून पाय बाहेर टाकला. माझ्या नवऱ्याने कॉलर धरली म्हणून वाचले. पुन्हा घरी आणलं आणि तेव्हा आम्ही झोपेत असलो, तर काय करायचं, साहेब?"

"असं किती वेळा झालं?"

"एकदा."

"एकदाच," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात बोटभर पेन्सिल होती, टोक पार बोथट. तिने त्यांनी टेबलावर टकटक केलं. "जेवतात?"

"हो."

"स्वतःच्या हाताने?"

"हो. चमच्याने."

"अंघोळ, दाढी?"

"अंघोळ करतात. दाढी दुसरा माणूस करून देतो. वस्तरा हातात देत नाहीत त्यांच्या."

साहेबांनी आपल्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. "दाढी आयती मिळत असेल तर मजाच आहे. दिवसभर करतात काय?"

बाईने कोपऱ्याकडे पाहिलं. चष्मेवालीने मान वर केली नाही.

"काम करतात," बाई म्हणाली. "बसल्या जागी. अगदी वेळेवर."

"बोलतात?"

"पुष्कळ. मुद्द्याचं बोलतात, चेष्टाही करतात. फक्त मला ओळखत नाहीत."

"ताई, ओळख न देणं हा आजार असता, तर माझं निम्मं गणगोत भरती झालं असतं."

शिपाई मामा आत आला. कागदी कपात कोमट चहा आणि तळहातावर एक गोळी. "साहेब, ॲसिडिटीची."

साहेबांनी गोळी तोंडात टाकली, वर चहा घेतला. मामा जागचा हलेना. साहेबांनी आ करून दाखवला तेव्हा कुठे गेला.

"फार जीव आहे त्याचा माझ्यावर," साहेब म्हणाले. "घरच्यांनी कधी एवढं विचारलं नाही."

बाईने खाली मान घातली. पर्सचा बंद तिने बोटाला करकचून गुंडाळला होता.

"डॉक्टर म्हणतात, वरून सगळं नीट दिसतं, आत काही नीट नाही," ती म्हणाली.

"आतून कोण नीट असतं? तुम्ही आहात?"

"नाही."

"मीही नसेन. म्हणून काय सगळ्यांनी पलंग अडवायचे?"

"साहेब, एकदा हो म्हणा. आयुष्यात एकदा. उद्या काही झालं तर मी कोणाकडे दाद मागू?"

क्षणभर साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी बाजारात ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये. मग पेन्सिल खाली ठेवली आणि कोपऱ्याकडे वळले.

"लिहून घ्या. रुग्ण स्वतः जेवतो, नेमाने काम करतो, मुद्देसूद बोलतो, विनोद करतो. धोक्याचा प्रसंग एकच. हॉस्पिटलात ठेवायची गरज दिसत नाही. नामंजूर."

चष्मेवालीचं पेन भराभर चाललं. अख्ख्या खोलीत पेन तेवढं तिच्याकडेच होतं.

"मनाला लावून घेऊ नका, ताई," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्याला घरी न्या. लेकीच्या हातचं खाऊन चार दिवसांत खडखडीत होईल."

चष्मेवाली उठली. साहेबांचा शब्दन् शब्द तिने उतरवला होता. त्याखाली तिने विमा कचेरीचा शिक्का मारला, सही केली आणि कागद बाईच्या हातात दिला.

"आजच खोली रिकामी करा," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचे बूट आणि पट्टा खाली काउंटरवर मिळतील."

बाईने कागदाची घडी घातली. मग टेबलाला वळसा घालून गेली, वाकली आणि साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"चला, बाबा," ती म्हणाली. "वाटेत गॅलरीच्या दाराला कुलूप घेऊ."