केतकीची गूळतुला

या मायबापहो, अगदी जवळ सरकून बसा. एका मायलेकींची कथा सांगतो. भूक घालवणारी सुई घरोघर पोहोचली आणि गावातल्या चुली थंडावल्या, तेव्हाची.

सुमित्रानं दसऱ्याला देवीला नवस बोलला होता, "केतकीचं लग्न ठरू दे, तिच्या भारंभार गूळ वाहीन." त्याच दिवशी लेकीला तोलून गूळ आणला होता. चैत्रात लग्न ठरलं. देवळातल्या तराजूत एकीकडे तो गूळ ठेवला, दुसरीकडे केतकी बसली. तिचं पारडं वरच राहिलं. सगळं गावच वाळलेलं, त्यामुळे तिचं वाळणं कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

"वहिनी, थोड्या ढेपी उतरवू का?" गुरवानं विचारलं.

"नको. देवीला बोललेलं कमी कसं करू?"

वर तरंगणारी केतकी हसली. "आई, गूळच सुटलाय गं!"

शेवटी सुमित्रा स्वतः लेकीच्या कुशीला जाऊन बसली. तरीही पारडं खाली आलं नाही. आता काळजात धस्स होईल, म्हणून ती वाट पाहत राहिली; पण सुईनं भुकेबरोबर तेही नेलं होतं.

बाबांनो, तुम्हांला अजून भूक लागत असेल, तर पहिल्या घासाला केतकीची आठवण काढा.